जांभळीखालची जागा

ये रे बाबू, बस जवळ. बसलास असं मी समजते, कारण खराखुरा तू काही येत नाहीस. रमजानला येतो म्हणालास, मग ईदला, मग आंब्याला. आंबे गेले, फणस गेले, परसातलं अळू माझ्या कमरेला लागलं, आणि तुझा पत्ता नाही. आलं काय, तर फोनवर एक व्हिडिओ. कोणी गोरा माणूस टेबलावर बंदुका मांडून सांगतोय, जग बुडालं तर यातली कुठली घेऊन पळावी. आणि खाली तू लिहिलंयस, "दादी, अब्बा सांगतात ते हुफूफचे बंदूकवाले मामू तुला आठवतात का?"

आठवतात का म्हणून विचारतोस. गेला महिनाभर मला दुसरं काही सुचत नाहीये. ऐक आता. सरळ रेषेत सांगायला मला जमणार नाही, जसं आठवेल तसं घे.

मामू माझे कोणी लागत नव्हते. गाव त्यांचं आपल्या खाडीच्या पलीकडचं, एवढाच धागा. ते मला भाबी म्हणत, तुझ्या आजोबांना भाय म्हणत, पोरं त्यांना मामू म्हणायची, म्हणून मीही मामूच म्हणायला लागले. आम्ही सौदीत होतो तेव्हा हुफूफच्या जुन्या बाजारात एक दुकान होतं, तिथं ते विक्रीला. तंबू, कॉफीच्या किटल्या, काडतुसांचे पट्टे, ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या चामड्याच्या टोप्या, बंदूक पुसायचं तेल, असलं सगळं सामान. बंदुका तिथं विकायला नव्हत्या. त्या सौदी गिऱ्हाइकांच्या, त्यांच्या परवान्यावरच्या. ते पट्टा बसवून घ्यायला, पिशवी मापाची बघायला बंदूक घेऊन यायचे. आपल्यासारख्या परदेशी माणसानं तिला हात लावायचा नाही. मामू दोन्ही हात पाठीमागे धरून वाकायचे आणि बघायचे, जसं दुसऱ्याच्या पाळण्यातलं मूल बघावं. मग तोंडानं सांगायचे, इथं गंज धरतोय, हा घोडा ढिला आहे, ही नळी कोणीतरी कापलेली आहे. गिऱ्हाईक थक्क. मी एकदा तिथं चटई घ्यायला गेले होते तेव्हा हे बघितलं आणि घरी येऊन तुझ्या आजोबांना म्हटलं, हा माणूस बंदुकीशी लग्न लावून बसलाय. आजोबा म्हणाले, "लग्न तिच्याशीच लागलं त्याचं, दुसरं कुठं झालं?"

त्याचं पुढं सांगते.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की मामू आमच्याकडं जेवायला. हातात कधी दम्मामहून आलेली सुरमई, कधी नुसती कोथिंबिरीची जुडी. दारातून आत आले की भिंतीशी एक ठरलेली उशी होती, तिच्यावर बसायचे ते बसायचे. पंख्याखाली या म्हटलं तरी नाही. "इथं ठीक आहे, भाबी." पोरं भोवती गोळा. मग बंदुकांच्या गोष्टी.

त्यांच्या लाडक्या बंदुका तीन. जोडनळी, म्हणजे दोन नळ्या शेजारी शेजारी, ती डुकराला. एक बार चुकला तर दुसरा आहे. मग वरखाली नळ्यांची, ती खेळाला. मातीच्या चकत्या हवेत उडवतात आणि फोडतात, तो खेळ. "नेमबाजीचा तेवढाच एक खेळ, भाबी, ज्यात कोणाच्या घरी रडारड होत नाही," म्हणायचे. आणि सगळ्यात जीव त्यांचा साध्या एकनळीवर. बारा बोअरची, आपल्याकडं शेताच्या राखणीला परवान्यावर असते तशी. "मोडायची, काडतूस घालायचं, मिटायची. हिच्यात बिघडायला आहे काय?" जग बुडालं तर हातात हीच पाहिजे.

जग मामू दर जुम्याला बुडवायचे. "समजा," म्हणून सुरू. "समजा, समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना बंद पडला. वीज नाही. विमानं नाहीत. आपण आहोत हुफूफमध्ये. काय करशील?"

तुझा बाप तेव्हा इंडियन स्कूलात. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर. "मामू, आय विल टेक द ऑटोमॅटिक वन."

"घे. तुफान आलं, वाळू आत शिरली, अडकली. आता?"

"देन आय विल रन."

"कुठं? चारी बाजूंनी वाळवंट. पळणारा आधी मरतो, बाळा. खजुराची बाग बघायची, तिथली विहीर बघायची आणि एक जागा धरायची. तिन्हीसांजेला होले, ती कबुतरासारखी पाखरं, पाण्यावर येतात. बारीक छऱ्याचं एक काडतूस, त्यात पोटापुरतं होऊन जातं."

"आणि आम्ही बायकांनी काय करायचं?" मी आतून विचारायची.

"भाबी होले सोलणार."

"म्हणजे जग बुडालं तरी माझी चूल काही बुडत नाही."

तुझे आजोबा खो खो हसायचे. मामू हसत नसत. ते खरोखर विचारात पडलेले असत, की भाबीला अशा वेळी तांदूळ कुठून आणून द्यायचे.

मला वाटायचं, वेडा आहे पण गोड वेडा आहे. मग एकदा त्यांना ताप आला म्हणून मी आणि आजोबा पेज घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो, आणि तिथली खिडकी बघून मी पेजेचं भांडं खाली ठेवलं. खिडकीला पडदा नव्हता. काचेवर एक्स-रे चिकटवलेले. सगळे एकाच खांद्याचे. दुपारचं ऊन मागून येत होतं आणि त्या काळ्या कागदांत खांद्याचं हाड, फासळ्या, आणि त्यांच्यावर मोहरी सांडल्यासारखे पांढरे ठिपके.

इकाम्याच्या, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याच्या, तपासणीला छातीचा एक्स-रे काढतात. त्यात ते दिसले की तिथला माणूस दचकायचा, दुसऱ्याला बोलवायचा. मामू शांतपणे सांगायचे, छर्रे आहेत, जुने आहेत, आणि तो एक्स-रे मागून घरी आणायचे. दर खेपेचा.

"भाबी, घाबरू नका," अंथरुणावरून म्हणाले. "चार नंबरचा छर्रा आहे. माणसाच्या आत नीट राहतो तो."

"पण लागला कोणाचा?"

"दादाचा," म्हणाले. "माझ्या मोठ्या भावाचा."

आणि त्या दिवशी तापातच मला सगळं सांगितलं.

तू शहरातला, तुला शिकारीचा हाका कसा घालतात ते माहीत नसेल. एका बाजूनं माणसं डबे बडवत, ओरडत रान उठवतात. दुसऱ्या टोकाला बंदूकवाला दबा धरून बसतो. आणि मधल्या खिंडारांत बिनबंदुकीची माणसं बसवतात. जनावर भलतीकडं वळलं तर त्यांनी टाळी वाजवायची, म्हणजे ते पुन्हा बंदुकीकडं जातं. या बसवलेल्या माणसांना एकच कायदा. हाका संपून हाक येईपर्यंत जागा सोडायची नाही. साप आला तरी नाही. का, तर बंदूकवाल्याला ठाऊक असतं कोण कुठं आहे, आणि त्या भरवशावर तो बार टाकतो.

मामू तेव्हा विशीतले. त्यांना एका जांभळीखाली बसवलं होतं. दादा समोरच्या कातळावर, हातात घरची एकनळी. भेकराचा हाका होता, तो तर कायद्यानं बंदच. पाला वाजला, दादानं बार टाकला, आणि मामू आडवे. खांद्यावर घडी घातलेलं कांबळं होतं म्हणून वाचले. सरकारी दवाखान्यात न्यायची सोय नव्हती, पोलीस आले असते, दादा आत गेले असते. गावातल्या कंपाउंडरनं वरवरचे छर्रे काढले, खोलचे राहू दिले.

माणसं जमली तेव्हा दादा म्हणाले, "हा जागा सोडून पुढं आला."

मामू म्हणत, मी आलो नव्हतो. मी जांभळीला पाठ लावून बसलो होतो. पण दादा घरातले कर्ते. बाप लवकर गेलेला, त्यांनीच भावंडांना वाढवलेलं. दादा बोलले ते गावानं धरलं. पुढं कोणी मामूंना हाक्याला नेलं नाही. लग्न ठरत आलं होतं, मुलीच्या मामानं सांगून पाठवलं, ज्याला एक जागा धरवत नाही तो घर काय धरणार. मामू सौदीला निघून आले. सुट्टीवर जायचे ते बहिणीच्या गावी. दादाच्या उंबऱ्यात पाऊल नाही. शपथच घातली होती स्वतःला, की मी जागा सोडली नव्हती असं दादाच्या तोंडून येईल तेव्हाच घरी जाईन.

आता तुला कळलं ना, बंदुकांचा एवढा नाद कशाला? नळीतून निघाला की छर्रा पसरत जातो. जवळून मारला तर दाट, लांबून मारला तर विरळ. कुठली नळी किती पसरवते, किती लांबवर, हेच त्यांना शिकायचं होतं. त्यातून एक दिवस हिशेब निघेल, त्यांच्या खांद्यातले छर्रे कातळावरून जांभळीपर्यंत आलेत की त्याहून जवळून. "सगळा प्रश्न अंतराचा आहे, भाबी. माणसं काय वाटेल ते सांगतील. छर्रा सांगेल तेच खरं."

या एका गोष्टीपायी तो माणूस कसा झाला होता, ते सांगते. एकदा तुझे आजोबा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. फाटकाशी म्हणाले, "इथं थांब, गाडी लावून आलो." तिथंच आमच्या दुकानातून फोन आला, कोणीतरी माल उतरवायला आलेलं, आजोबा तसेच परतले आणि पार विसरले. दुपारी जोहरची नमाज झाली, ऊन कलताना असरची अजान झाली तेव्हा आठवलं. उन्हाळा हुफूफचा, डांबर चपलेला चिकटतं. धावत गेले तर मामू फाटकाशी उभे. डोक्यावर रुमाल, ओठ पांढरे. तिथल्या यमनी रखवालदारानं त्यांना पाणी आणून पाजलेलं.

"अरे माणसा, सावली समोर आहे. तिथं तरी जायचंस."

"तुम्ही इथं म्हणालात."

"मी रात्रीपर्यंत आलोच नसतो तर?"

"तर इथंच असतो. तुम्ही शोधायला आला असता आणि मी नसतो तर?"

आजोबा घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, याच्या भावानं याला गोळी घातली नाही, याला खिळा ठोकलाय.

मग ती वर्षं आली. सौदीकरण म्हणायचे आपले लोक. आज मोबाईलची दुकानं, उद्या कपड्यांची, परवा आणखी कसली. गल्ल्यावर सौदीच पाहिजे, कायदा झाला. चूक त्यांची तरी कशी म्हणू, त्यांची पोरंही घरी बसलेली. पण आपली वस्ती ओस पडायला लागली. बायकापोरांना ठेवायची सरकारी फी वाढली, लोकांनी बायकापोरं आधी पाठवली, मग स्वतः गेले. रस्त्याच्या कडेला लोकांचे फ्रिज, पलंग उभे असायचे, कोणी न्या म्हणून. माझ्या मजल्यावरच्या भाकरीच्या वासाची दारं एकेक करून बंद झाली. संध्याकाळी जिन्यात पोरांचा आवाज नसायचा, नुसत्या एसीचं पाणी ठिबकायचं.

मामूंच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकानं, एक सौदी तरुण विक्रीला ठेवला आणि मामूंना सांगितलं, याला शिकव. मामूंनी मन लावून शिकवलं. मग कफील त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "तू माझा भाऊ आहेस, पण माझ्या हातात नाही. खलास." दुसरा कफील बघण्याचं वय राहिलं नव्हतं. पासपोर्टावर एक्झिट लागायची होती, म्हणजे कायमचं परत. बाकीच्यांना रडू यायचं ते पगारासाठी. मामूंची बहीण वारली होती. जायला एकच घर उरलं होतं, दादाचं.

आणि शपथ तशीच होती.

त्या जुम्याला ते जेवायला आले ते पलंगाखालचं एक गाठोडं घेऊन. सोडलं तर आत सुंभाचा दोर, काथ्याचा, आपल्याकडं वळतात तो. त्यांच्या बहिणीनं कैक वर्षांपूर्वी एकटीनं रानात जाऊन त्याचं एक टोक जांभळीला बांधलं होतं, दुसरं कातळापर्यंत नेलं होतं आणि तेवढाच तोडून भावाला धाडला होता.

"दोर तुमच्याकडं होता," मी म्हटलं, "एक्स-रे होते, बंदूकवाले दुकानात रोज येत होते. मग इतकी वर्षं का नाही करून बघितलंत?"

"घाई काय होती," म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं नाही.

एक म्हातारा सौदी होता, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, मामूंवर माया करणारा. त्याच्याकडं अगदी तसलीच एकनळी. हिवाळ्यातला जुमा होता. तो आपल्या गाडीत, आम्ही आजोबांच्या पिकअपमध्ये, असे वस्तीपासून खूप लांब वाळवंटात गेलो. मी पुलाव बांधून घेतला होता, जसं काही सहलीला चाललोय. माझी पांढरी चादर तंबूच्या दोन काठ्यांना बांधली. मामूंनी दोर पूर्ण ताणला, एक टोक चादरीशी, दुसऱ्या टोकाशी म्हाताऱ्याला उभं केलं. आम्ही सगळे त्याच्या पाठीमागे. चार नंबरचं काडतूस. म्हाताऱ्यानं बिस्मिल्ला म्हणून बार टाकला.

मामू चादरीशी गेले. छर्रे कुठं एक, कुठं दोन, इकडंतिकडं उडालेले. त्यांनी खिडकीवरचा एक्स-रे काढून आणला होता, तो चादरीवर धरला. एक्स-रेवर मोहरी सांडलेली, आणि चादरीवर तेवढ्या जागेत मोजून बघायलाही काही नाही.

त्यांनी दोर थोडा गुंडाळला, म्हाताऱ्याला पुढं बोलावलं. चादर फिरवून कोरी बाजू लावली. पुन्हा बार. पुन्हा विरळ. पुन्हा दोर गुंडाळला. असं करत करत अर्धा दोर त्यांच्या हातावर आला तेव्हा चादरीवर मोहरी सांडली. एक्स-रे धरला तर ठिपक्यावर ठिपका नाही बसला, पण दाटी तीच. माझ्यासारखीलाही कळली.

वारा होता. चादर फडफडत होती. मामू वाळूत बसले.

"म्हणजे मी उठलो होतो," म्हणाले. "अर्ध्यापर्यंत गेलो होतो. आणि मला आठवत नाही."

मी आजोबांकडं बघितलं. आजोबा वाळूकडं बघत होते. म्हाताऱ्यानं विचारलं काय झालं, आणि मामूंनी त्याला अरबीत सगळं सांगितलं, जांभळ, कातळ, भाऊ. म्हातारा ऐकून हसला. इतकी वर्षं बाजारात घालवून मला तेवढं अरबी कळत होतं. तो म्हणाला, "मी जन्मभर शिकार केली. आधी उठतो तो बंदूकवाला. त्यालाच धीर नसतो. ज्याच्या हातात काही नाही, तो बिचारा बसून राहतो."

माझ्या मनातलंच बोलला. मी म्हटलं, "मामू, तुम्ही जांभळीला टेकून असाल आणि दादाच पुढं आले असतील. तरी दोर अर्धाच भरणार."

"माझा भाऊ जागा सोडणार नाही."

"का नाही? माणूसच आहे ना तो?"

"भाबी," मामू म्हणाले, आणि माझ्यावर त्यांनी आवाज चढवला तो तेवढा एकदाच, "अब्बा गेल्यावर त्यानं आम्हाला भरवलंय. तो उठला असता तर त्यानं सांगितलं असतं."

आजोबांनी माझा हात दाबला. मी ताटल्या मांडायला लागले. पुलाव कोणी फारसा खाल्ला नाही. म्हाताऱ्यानं मामूंच्या खांद्यावर हात ठेवला, बरोबर त्याच खांद्यावर, आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मामू आमच्याकडं आले, फोन करू का म्हणून विचारलं. मी भाकऱ्या थापत होते, ऐकू नये म्हणून जोरात थापत होते, पण ऐकू येत होतं.

"दादा, मी बोलतोय." मग पलीकडचं ऐकत राहिले. "हो. बरा आहे. दादा, मीच उठलो होतो. मी जागा सोडली होती. तुझं खरं होतं." माझी भाकरी तव्यावर करपली. "दादा? ऐकतोयस ना?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाले.

"म्हणाला, ये. खोली झाडून ठेवतो."

असे ते गेले. खोली रिकामी करताना त्यांनी खिडकीवरचे एक्स-रे नखानं काढले आणि फाडून टाकले. विमानतळावर तुझा बाप, तोवर स्वतः बाप झालेला, त्यांना हसवायला म्हणाला, "मामू, समजा विमान बंद पडलं तर?" मामूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले.

मग आमचंही दुकान गेलं, आम्ही आलो, तुझे आजोबा गेले. खाडीच्या पलीकडं एक माणूस राहतो हे माहीत असून मी इतकी वर्षं उठले नाही, संसार मागं लागलेला. गेल्या महिन्यात त्या गावात मयतीला गेले तेव्हा त्यांच्या घरी डोकावले.

बाबू, मला मामू ओळखू आले नाहीत. ओसरीवर दादा खुर्चीत आणि मामू खाली पायरीवर. कानानं पार गेलेत, जवळ जाऊन ओरडावं लागतं. दादानं हात हलवला की उठतात. पाणी तापवून देतात, चहा आधी दादाला, दादाची बशी रिकामी झाल्यावर स्वतः पितात. ज्याच्या बोलण्याला जुम्याला खंड नसायचा, तो माझ्याशी चार शब्द बोलला असेल. भिंतीवर बंदुकीची खुंटी रिकामी. मी कानाशी जाऊन म्हटलं, "मामू, समजा जग बुडालं तर?" तर म्हणाले, "आता कसलं समजा, भाबी." आणि दादाच्या पायावरची माशी उडवली. कोणाचं तरी देणं फेडत बसल्यासारखा माणूस, आणि फिटत नाही.

निघाले तेव्हा दादा काठी टेकत मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. मी नको म्हणत होते. मामू लगेच उठले, तर दादानं त्यांना हातानं बसवलं. थांब्यावर आम्ही दोघंच.

"बाय," मला म्हणाले, "तो सांगतो ती चादर लावली तेव्हा तुम्ही होता ना तिथं?"

"होते."

"मग तुम्हाला कळलं असेल."

मी पिशवी खाली ठेवली.

"पाला वाजला. मला वाटलं, जनावर वरच्या अंगानं निसटतंय. मी कातळावरून उतरलो, करवंदीच्या जाळीपर्यंत पुढं गेलो. तो जिथं होता तिथंच होता." काठीनं मातीत रेघ ओढत राहिले. "माणसं जमली तेव्हा पोलिसांची भीती होती. तोंडातून निघून गेलं, हा उठला. मग ते तसंच राहिलं. त्याचा फोन आला ना, तेव्हा सांगणार होतो. तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर ये, खोली झाडून ठेवतो."

"अजून सांगा," मी म्हटलं. "तो समोर बसलाय तुमच्या."

"रोज ठरवतो. तो पाणी घेऊन येतो आणि माझ्यानं होत नाही. तुम्ही सांगा त्याला."

"मी नाही सांगणार. ते तुमच्याच तोंडून यायला पाहिजे. त्याची शपथ होती तशी."

दादानं काठीनं ती रेघ पुसली. मग म्हणाले, "मग तुम्ही बाजूला बसा. कोणीतरी बसलं बाजूला, तर होईल."

एसटी आली, कंडक्टर ओरडायला लागला, मी चढले. येते म्हणून सांगून चढले.

तेव्हापासून मला झोप नाही. मामूंना कळल्यावर काय होईल, मला सांगता येत नाही. भावावरचा भरवसा तेवढाच त्या माणसाकडं उरलाय, तोही मी काढून घ्यायला निघालेय की काय, असंही मनात येतं. पण मग ती पायरी आठवते. काल त्या गावची मासेवाली आली होती, ती म्हणाली दादाला श्वास लागतो, मध्ये दवाखान्यात होते, आता घरी आणलंय. फोनवर हे होण्यासारखं नाही, मामूंना ऐकूच येत नाही. माझे गुडघे होडीत चढू देत नाहीत, आणि रस्त्यानं वळसा घालायचा तर दोन एसट्या बदलाव्या लागतात.

म्हणून तुला एवढं लिहिलं. या शनिवारी गाडी घेऊन ये. कामाचं मला सांगू नकोस, काम जन्मभर आहे. मला त्या ओसरीपर्यंत हाताला धरून ने, मग हवं तर बाहेर आंब्याखाली थांब. मला नुसतं त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसायचंय. ते दोघं आहेत तोवर ये, बाबू.